यंत्र गप्प आहे, एवढ्यावरून काय ठरतं?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दोष हुडकण्यासाठी काही सोयी मुद्दाम घातलेल्या असतात. एक सोय लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात ते पाहते, दुसरी मेमरीवर नजर ठेवते, तिसरी कोणतं फंक्शन केव्हा धावलं याची नोंद करते. या सोयी एकमेकींवर अवलंबून असतात. त्याबद्दल कर्नलवाल्या मंडळींत एक मत इतकं रुळलं आहे की ते केवळ एक मत आहे याचाच विसर पडावा. मत असं: ही अवलंबनं म्हणजे बांधणीचा हिशेब, बाकी काही नाही. अमुक चालू करायचं तर तमुक लागतं, एवढं एका फायलीत लिहून ठेवावं, जुळवाजुळव अवजारं करतील. चाचणीसाठी कर्नल बांधताना जेवढ्या सोयी चालू करता येतील तेवढ्या कराव्यात. रात्रभर चाचणी चालवावी आणि सकाळी लॉग कोरा दिसला की कर्नल शुद्ध समजावा.

हे अडाण्यांचं मत नाही. आमच्या दिल्लीच्या पहाडगंज-करोलबागेतल्या मराठी घरांतली मुलं सकाळी मेट्रोने नोएडाच्या चिप कंपन्यांत जातात, दिवसभर ड्रायव्हर लिहितात. त्यांच्यातल्या चांगल्या जाणत्यांकडूनही मी हेच ऐकतो, पुण्याच्या स्टोरेज कंपन्यांतल्या जुन्या लोकांकडूनही ऐकतो. म्हणून त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की डीबगिंगच्या सोयींमधलं अवलंबन हा आधी पुराव्याचा प्रश्न आहे आणि मग बांधणीचा. एक सोय चालू असताना दुसरी काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याला कोऱ्या लॉगवरून काहीही म्हणण्याचा अधिकार नाही.

या रुळलेल्या मताची, म्हणजे पूर्वपक्षाची, जमेची बाजू आधी मांडतो. लिनक्समध्ये हा हिशेब केकॉन्फिग नावाच्या छोट्या भाषेत लिहितात. रोमन झिपेल यांनी ती २००२ साली, २.५.४५ या आवृत्तीच्या वेळी आणली. त्याआधी एरिक रेमंड यांनी सीएमएल-२ नावाची दुसरी व्यवस्था रचली होती, पण ती कर्नलमध्ये गेली नाही. केकॉन्फिगमध्ये दोन शब्द महत्त्वाचे. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे ही अट पुरी असेल तरच हा पर्याय मिळेल. ‘सिलेक्ट’ म्हणजे हा पर्याय घेतलात की तोही आपोआप चालू होईल. पर्यायांची संख्या दहा हजारांच्या कधीच पुढे गेली, म्हणजे हाताने जुळवणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही.

‘प्रूव्ह लॉकिंग’ हा पर्याय घ्या. तो निवडला की लॉकडेप चालू होतं. लॉकडेप म्हणजे इंगो मोल्नार आणि आर्यन फान डे फेन यांनी केलेली, २००६ साली २.६.१८मध्ये आलेली लॉक-क्रमाची तपासणी. त्याच्याबरोबर स्पिनलॉकची तपासणी, म्यूटेक्सची तपासणी, इंटरप्ट बंद-चालू झाल्याची नोंद अशा कितीतरी गोष्टी ओढल्या जातात. लॉकडेप स्वतः स्टॅकचा माग आणि फंक्शनांच्या नावांचा तक्ता ओढून घेतं. यातलं एखादं राहिलं असतं तर अहवाल अर्धवट आला असता, आणि वाचणाऱ्याला तो अर्धवट आहे हे कळलंही नसतं. वापरणाऱ्याने एक बटण दाबावं आणि बाकीचं जाणत्याने आधीच लिहून ठेवावं, ही रचना उत्तम आहे. इथे पूर्वपक्षाशी माझं भांडण नाही.

पण त्याच ‘सिलेक्ट’बद्दल केकॉन्फिगचे स्वतःचे दस्तऐवज सावध करतात. ‘सिलेक्ट’ समोरच्या पर्यायाला चालू करतं, मात्र त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्या आहेत का ते पाहत नाही. म्हणून ते शक्यतो अशाच पर्यायांसाठी वापरावं ज्यांना स्वतःच्या अटी नाहीत. अट मोडली तर बांधणीच्या वेळी ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ असा एक इशारा येतो आणि काम पुढे चालू राहतं. शेकडो ओळींच्या लॉगमध्ये तो इशारा कोण वाचतं? दुसरं उदाहरण २०२२ सालच्या ५.१८ आवृत्तीचं. तोवर ‘डीबग इन्फो’ हा साधा हो-नाहीचा पर्याय होता. तो बदलून अनेकांतून एक निवडण्याची यादी केली आणि यादीत मूळ निवड ‘काहीही नको’ अशी ठेवली. जुन्या कॉन्फिग फायलीत ‘डीबग इन्फो हवं’ ही ओळ तशीच असली तरी तिचा अंमल संपला. बांधणी बिनतक्रार झाली, कर्नलही चालला, फक्त उद्या तो कोसळला तर त्याचा डंप उलगडायला लागणारी माहिती त्यात नव्हती. बांधणी यशस्वी होणं आणि तपासाची क्षमता शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच स्पष्ट व्हायला हवं होतं.

आता ‘सगळं चालू करा’ या उपदेशाकडे येऊ. मेमरीच्या दोषांसाठी लिनक्समध्ये तीन मोठी यंत्रं आहेत. केएसॅन सोडून दिलेल्या किंवा हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावलेला पकडतं. आंद्रेय र्‍याबिनिन यांचं हे काम २०१५ साली ४.०मध्ये आलं. केसीसॅन दोन धाग्यांनी एकाच जागेवर बेशिस्त वाचन-लेखन केलेलं पकडतं. मार्को एल्व्हर यांचं ते काम २०२० साली ५.८मध्ये आलं. केएमसॅन कधी काही न लिहिलेली मेमरी वाचली गेली तर सांगतं, ते अलेक्झांडर पोतापेन्को यांचं, २०२२ सालच्या ६.१मधलं. केसीसॅनच्या केकॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहिलंय की केएसॅन नसेल तरच हे मिळेल. केएमसॅनच्या नोंदीत लिहिलंय की केएसॅनही नको आणि केसीसॅनही नको. म्हणजे तिन्ही यंत्रं एका कर्नलमध्ये बसूच शकत नाहीत. म्हणून तर आपोआप चाचण्या करणारा सिझबॉट या तिघांसाठी वेगवेगळे कर्नल बांधून चालवतो. ‘सगळं चालू’ असा कर्नल अस्तित्वातच नाही. जो आहे तो कुणीतरी केलेल्या निवडीचा कर्नल आहे, आणि निवड केली म्हणजे काहीतरी न पाहण्याचंही ठरवलं.

इथवर तरी केकॉन्फिगने आपलं काम केलं. खरी अडचण जिथे दोन सोयी एकत्र नांदू शकतात, बांधणीला काही हरकत नसते, आणि तरीही एक दुसरीला आंधळी करते तिथे सुरू होते.

केएसॅन आणि लॉकडेप ही जोडी पाहा. चाचणीच्या कर्नलमध्ये दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे, मोठ्या वितरणांचे डीबग कर्नलही तसेच बांधलेले असतात. समजा चाचणी रात्री दहाला सुरू झाली आणि साडेदहाला केएसॅनला एक दोष सापडला. ते सविस्तर अहवाल छापतं. त्या पाठोपाठ लॉगमध्ये एक ओळ येते: ‘डिसेबलिंग लॉक डिबगिंग ड्यू टू कर्नल टेंट’. कर्नलवर डाग लागला आहे, म्हणून लॉकची तपासणी बंद केली. ही ओळ आपोआप पडत नाही. केएसॅनचा अहवाल संपवणाऱ्या फंक्शनमध्ये ते मुद्दाम लिहिलेलं आहे: डाग लाव, आणि यापुढे लॉकडेप भरवशाचं नाही असं जाहीर कर. कारणही रास्त आहे. मेमरी बिघडली असेल तर लॉकडेपचे स्वतःचे तक्तेही बिघडलेले असू शकतात, आणि बिघडलेल्या तक्त्यांवरून त्याने खोटा आरोप करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. निर्णय बरोबर आहे, मला त्यात काही बदलायचं नाही. पण परिणाम काय झाला ते बघा. साडेदहापासून सकाळपर्यंत लॉकडेपने काहीही पाहिलेलं नाही. सकाळी येणारा इंजिनियर केएसॅनचा दोष दुरुस्त करतो आणि अहवालात लिहितो की लॉकच्या बाबतीत तक्रार नाही. तक्रार करणारा तर साडेनऊ तास नव्हताच!

आणखी सांगायचं तर केएसॅन स्वतःही, बूट करताना ‘केएसॅन मल्टी शॉट’ दिलं नसेल तर, पहिल्या अहवालानंतर थांबतं. लॉकडेपही आपला पहिला दोष सांगितला की स्वतःला बंद करतं. त्याचे तक्ते भरले तरी ते एक ओळ लिहून काम थांबवतं. या यंत्रांना आयुष्य असतं, आणि ते चाचणीच्या आयुष्याहून पुष्कळ लहान असू शकतं. केकॉन्फिगच्या कोणत्या ओळीत हे लिहिता येईल? कुठल्याच नाही, कारण ते बांधणीनंतर, चालत्या यंत्रात घडतं.

या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी आपल्याकडे फार पूर्वीच झालेली आहे आणि ती इथे तंतोतंत लागू पडते. अभावाचं ज्ञान कशाने होतं, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात: वस्तू मिळत नाही, यावरूनच ती नाही असं कळतं. नैयायिक त्याला स्वतंत्र प्रमाण म्हणत नाहीत, ते अभावाचं ज्ञान प्रत्यक्षातच धरतात. पण एका अटीवर दोन्ही पक्ष ठाम आहेत. न मिळणं हे ‘योग्य’ असलं पाहिजे. म्हणजे ती वस्तू तिथे असती तर ती नक्की मिळाली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. उजेड असायला हवा, डोळा चांगला हवा, मध्ये आडोसा नको.

कर्नलमधला कोरा लॉग ही अनुपलब्धी आहे. ती योग्य आहे का, हे ठरवणाऱ्या अटी म्हणजेच डीबगिंगच्या सोयींमधली अवलंबनं. पूर्वपक्षाची मूळ चूक इथे आहे. तो अनुपलब्धी पाहतो, योग्यता पाहत नाही.

दोन उदाहरणं देतो, म्हणजे हे केवळ शास्त्रार्थ म्हणून राहणार नाही. ६४ बिटी एक्स-८६ यंत्रावर कर्नलमधल्या प्रत्येक धाग्याला १६ किलोबाइटचा स्टॅक मिळतो. केएसॅन चालू केलं की कंपायलर प्रत्येक चलाभोवती पहाऱ्याची जागा सोडतो, स्टॅक फुगतो, म्हणून कर्नल तो दुप्पट, ३२ किलोबाइट करतो. हेही योग्यच आहे, नाहीतर कर्नल उभाच राहणार नाही. पण ज्या ड्रायव्हरने खोल साखळीत फंक्शनं बोलावून १६ किलोबाइटची हद्द जेमतेम ओलांडली आहे, तो ग्राहकाच्या यंत्रावर कोसळेल आणि केएसॅनच्या कर्नलवर बिनघोर चालू शकेल. मेमरीचे दोष पकडण्यासाठी आणलेल्या यंत्राने मेमरीचाच एक दोष झाकला. दुसरं उदाहरण केएमसॅनचं. सुरक्षेसाठी हल्ली मेमरी देतानाच ती शून्याने भरण्याची सोय असते. ती चालू असेल तर न लिहिलेली मेमरी उरतच नाही आणि केएमसॅनला पकडायला काही राहत नाही. कर्नल बूट होताना याबद्दल विनंती छापतो: केएमसॅन चालवताना ही भरणी बंद असल्याची खात्री करा. विनंती! बूटच्या ओळीवरून ती सोय चालू-बंद करता येते, म्हणून केकॉन्फिग इथे हतबल आहे. ज्याने ती ओळ वाचली नाही त्याचा लॉग रात्रभर कोरा राहील, आणि त्या कोरेपणाला काडीचीही किंमत नसेल.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण तिचा संबंध महाराष्ट्राशी आहे. कर्नल चालू असताना त्याला मध्येच थांबवून आत पाहण्याच्या सोयीला केजीडीबी म्हणतात. दोन यंत्रं सिरियल केबलने जोडायची. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी हा डीबगर. लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नलमध्ये डीबगर घेण्यालाच विरोध होता. २००० साली त्यांनी तो फार स्पष्टपणे मांडला. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षं मूळ कर्नलच्या बाहेर, पॅचच्या रूपात जगलं. त्या काळात ते जगवण्यात मोठा वाटा होता अमित काळे यांचा. आज कर्नलमधली त्या सोयीची मुख्य फाइल उघडली तर माथ्यावरच्या हक्कनोंदींत २०००-२००१ची व्हेरिटास, मग अमित एस. काळे हे नाव, मग पुण्याची लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज दिसते. पुढे टॉम रिनी, जेसन वेसल यांनी काम नेलं आणि जुलै २००८मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, केजीडीबी मूळ कर्नलमध्ये आलं.

त्या फायलीत एक चिमुकलं फंक्शन आहे. नाव ‘डीबीजी टच वॉचडॉग्ज’, आत जेमतेम तीन ओळी. केजीडीबीने कर्नल थांबवला की सगळे प्रोसेसर थांबतात. माणूस चहा पिऊन येतो, पाच मिनिटं चलं वाचत बसतो, मग ‘चालू ठेव’ म्हणतो. कर्नल जागा होतो. त्याच्या आत इतर रखवालदार आहेत. एखादा प्रोसेसर सुमारे २० सेकंद अडकून पडला तर ओरडणारा एक, आरसीयूचं (वाचणाऱ्यांना लॉक न लावता माहिती बदलू देणाऱ्या व्यवस्थेचं) काम २१ सेकंद पुढे सरकलं नाही तर ओरडणारा दुसरा, आणि घड्याळांची एकमेकांशी पडताळणी करून गडबड दिसली तर चांगलं घड्याळ बाद ठरवणारा तिसरा. या तिघांच्या दृष्टीने पाच मिनिटं कर्नल मेला होता. म्हणून त्या तीन ओळी एकेकाला सांगतात: मधला काळ हिशेबात धरू नकोस. त्या नसत्या तर ब्रेकपॉइंटवरून उठताक्षणी खोट्या तक्रारींचा पाऊस पडला असता, आणि अडकलेल्या प्रोसेसरवर थेट पॅनिक करण्याची सेटिंग असती तर तपासायला घेतलेलं यंत्रच तपासणाऱ्याच्या हातात मेलं असतं.

हेही अवलंबनच आहे. केजीडीबी चालू असताना रखवालदारांच्या साक्षीला कोणता अर्थ द्यायचा, याचा तो नियम आहे. केकॉन्फिगमध्ये त्याचा मागमूस नाही आणि असूही शकत नाही, कारण दोघांपैकी कुणाला बंद करायचं नाही, दोघांना एकमेकांची जाणीव द्यायची आहे. कर्नलमधली सर्वांत मोलाची अवलंबनं अशीच लिहिलेली सापडतात. कुणीतरी दोन्ही यंत्रं एकत्र चालवून पाहिली, खोटी साक्ष पकडली, आणि जिथे चूक होत होती तिथेच दुरुस्ती घातली.

आणि जेव्हा कुणीच तसं पाहत नाही तेव्हा काय होतं? २००८ सालची गोष्ट. २.६.२७ तयार होत असताना इंटेलची ई१०००ई जातीची नेटवर्क कार्डं मरू लागली. कार्डाच्या आत कायमस्वरूपी मेमरी असते, तिच्यात त्याचा पत्ता आणि मांडणी असते. ती मेमरीच पुसट-वेडीवाकडी होत होती. नवीन कर्नल चालवला की कार्ड निकामी, आणि पुन्हा जुना कर्नल घातला तरी ते जिवंत होत नव्हतं. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. काही वितरणांनी चाचणीच्या आवृत्त्यांत तो ड्रायव्हरच बंद केला. आठवडे गेले, आणि दोषी निघालं दुसरंच: फंक्शनांचा माग ठेवणारं एफट्रेस. ते फंक्शनांच्या सुरुवातीचे पत्ते लिहून ठेवत असे आणि नंतर सवडीने त्या पत्त्यांवरचा कोड बदलत असे. पण मॉड्यूलचा आरंभी एकदाच लागणारा भाग काम झाल्यावर मेमरीतून सोडून दिला जातो. त्या सोडलेल्या पत्त्यावर पुढे कार्डाची कायमची मेमरी जोडली गेली. एफट्रेस आपल्या जुन्या यादीप्रमाणे तिथे लिहायला गेलं, आणि कोडच्या ऐवजी कार्डाच्या पोटात लिहिलं गेलं. ९ ऑक्टोबर २००८ला २.६.२७ प्रसिद्ध झालं आणि आठवड्याच्या आत निघालेल्या २.६.२७.१मध्ये एफट्रेसची ती गतिमान पद्धत बंद करण्यात आली.

केकॉन्फिगच्या दृष्टीने एफट्रेस आणि ई१०००ई यांचा काडीमात्र संबंध नव्हता. बांधणी निर्दोष होती. जुळवाजुळव करणारं अवजार कितीही हुशार असतं तरी जे कुणी लिहिलंच नव्हतं ते त्याला कुठून कळणार? पूर्वपक्षाचे काही विद्वान म्हणतात की केकॉन्फिगच्या मागे तर्काची समीकरणं सोडवणारं यंत्र बसवा, सगळी विसंगती मिटेल. जर्मनीत एर्लांगेनच्या संशोधकांनी केकॉन्फिग आणि प्रत्यक्ष कोड यांच्यातल्या विसंगती शोधण्याचं फार चांगलं काम केलं आहे आणि त्यातून कर्नलला फायदाच झाला. पण असं यंत्र लिहिलेल्या वाक्यांमधली विसंगती शोधतं, न लिहिलेलं सत्य शोधत नाही. समीकरण सुटलं तरी पुरावा मिळत नाही.

मग करायचं काय? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पहाडगंजच्या बाजूने नवी दिल्ली स्टेशनात शिरलं की एक नंबरचा फलाट लागतो, सोळावा पार अजमेरी गेटच्या बाजूला. या सोळा फलाटांवर गाड्या घेण्या-सोडण्यासाठी इथे बसवलेली रूट रिले इंटरलॉकिंगची व्यवस्था जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी म्हणून गाजली. इंटरलॉकिंग म्हणजे शुद्ध अवलंबन. काटे योग्य दिशेला आणि कुलूपबंद, रुळावर दुसरी गाडी नाही, छेद देणारा दुसरा मार्ग दिलेला नाही, हे सगळं पुरं झालं तरच सिग्नल उतरतो. कोणता सिग्नल कशावर अवलंबून याचा तक्ता असतोच. पण सिग्नलवाले केवळ तक्त्यावर विसंबत नाहीत. वायरिंगला हात लागला की डिसकनेक्शन मेमो देऊन व्यवस्था कामातून काढायची, आणि परत देण्याआधी प्रत्यक्ष तपासायचं: एक मार्ग लावा, मग त्याला छेद देणारा प्रत्येक मार्ग मागून बघा, आणि प्रत्येक वेळी सिग्नलने नकार द्यायला हवा. चालू होतं का हे तर पाहायचंच, पण नकार मिळतो का हे आवर्जून पाहायचं. ही तपासणी चुकली तर काय होतं, ते देशाने २ जून २०२३ला ओडिशात बहनागा बाजार इथे पाहिलं. काटा लूप लाइनला लागलेला होता, सिग्नल मात्र कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा होता. २९०हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये आधी केलेले बदल आणि ९४ क्रमांकाच्या फाटकाच्या कामात झालेल्या चुका पुढे आल्या.

कर्नलमध्येही हीच शिस्त हवी आणि तिची साधनं तयार आहेत. लिनक्समध्ये एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल आहे. आयबीएमच्या भारतातल्या चमूतल्या अंकिता गर्ग यांनी ते २००६च्या सुमारास लिहिलं, मूळ हेतू कोसळलेल्या कर्नलचा डंप नीट घेतला जातो का ते पाहण्याचा. पुढे केस कुक यांनी ते पुष्कळ वाढवलं. ते मुद्दाम दोष घडवतं: सोडलेल्या मेमरीत लिहितं, स्टॅक संपवतं, एकच स्पिनलॉक दोनदा घ्यायला जाऊन अडकतं. केएसॅनच्या स्वतःच्या चाचण्या आहेत, लॉकडेपच्या बूटच्या वेळी धावणाऱ्या स्वयंचाचण्या आहेत. या सगळ्या ‘नकार मिळतो का’ जातीच्या आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्या एकेका सोयीसाठी सुट्या न चालवता, ज्या जोडीने तुम्ही प्रत्यक्ष चाचणी करणार त्या जोडीवर चालवा. केएसॅन आणि लॉकडेप एकत्र लावले असतील तर आधी मेमरीचा दोष घडवा, मग लॉकचा, आणि दुसरा पकडला जात नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यानंतर तुमचा चमू कोऱ्या लॉगवर विसंबून राहणार नाही.

जिथे नियम नेमका सांगता येतो तिथे तो यंत्राकडे जरूर द्यावा. ५.८मध्ये ‘नोइन्स्ट्र’ नावाची खूण आली: कर्नलमध्ये शिरण्या-निघण्याच्या अगदी नाजूक कोडवर ती लावली की तिथे कोणतीही तपासणी घुसत नाही, आणि ऑब्जटूल हे अवजार बांधणीच्या वेळी ते पडताळतं. कधीकधी अवलंबन मोडणंच शहाणपणाचं असतं. एफट्रेस अनेक वर्षं डीबगएफएस या डीबगिंगच्या फाइलसिस्टिमवर अवलंबून होतं, त्यामुळे माग हवा असेल तर डीबगएफएसचा सुरक्षेचा धोकाही पत्करावा लागे. २०१५ साली ४.१मध्ये ट्रेसएफएस वेगळं केलं आणि तो प्रश्न संपला.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो व्यवहाराचा आहे: तीन-चार वेगळे कर्नल बांधायला, प्रत्येकावर चाचण्या चालवायला वेळ आणि यंत्रं कुठून आणायची? छोट्या कंपनीत हा प्रश्न खरा आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण तिथेही एक गोष्ट फुकट करता येते. चाचणी संपल्यावर, यंत्र बंद करण्याआधी, दोन ठिकाणं वाचावीत. ‘प्रॉक’मधल्या लॉकडेप-स्टॅट्समध्ये ‘डीबग लॉक्स’ची ओळ असते, तिथे शून्य असेल तर लॉकडेप मध्येच केव्हातरी थांबलं आहे. कर्नलच्या ‘टेंटेड’ या नोंदीत शून्याखेरीज काही असेल तर कोणता डाग केव्हा लागला ते लॉगमध्ये शोधावं. चाचणीच्या अहवालात ‘दोष आढळला नाही’ या वाक्याशेजारी हे दोन आकडे, बूटची पूर्ण ओळ आणि कॉन्फिग फाइल जोडलेली असावी. पुढच्या माणसाला त्यावरून ठरवता येईल की ती सोय कुठवर पाहत होती आणि तिचं न सापडणं किती धरायचं.